मदत हवी आहे: ऊसतोड कामगारांच्या मुलांची बालवाडी

नमस्कार. ऊसतोड कामगारांच्या तळावर, कोप्यांमधल्या (त्यांच्या तात्पुरत्या झोपड्यांमधल्या) मोकळ्या जागेत, तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी आम्ही काही जणी रोज सकाळी दोन तास बालवाडी चालवतो. आईवडील पहाटेच फडात जातात, त्यामुळे आठ वर्षांची बहीण धाकट्याला कडेवर घेऊन येते आणि त्याला खाली ठेवायलाच तयार नसते. १९४५ मध्ये बोर्डीत (आताच्या पालघर जिल्ह्यात) सुरू झालेल्या कामातून बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालवाडी आदिवासी पाड्यावर, मुलांच्या अंगणात नेली. तोच मार्ग आम्हाला योग्य वाटतो. मात्र हंगाम संपला की टोळी गावी परतते आणि शिकणे तुटते. गावच्या अंगणवाडीत ते पुढे चालू राहावे यासाठी कोणी काय केले आहे? या थोरल्या बहिणींना कसे सामावून घ्यावे? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.