मदत हवी आहे : घरच्या जलतरण तलावाचा डेक आणि एकूण रूप बदलायचे आहे

ओंजळ (धागाकर्ती) :
घरामागच्या जलतरण तलावाभोवतीचा डेक फार कळकट दिसू लागला आहे. फरशीचा रंग उडाला आहे, दर्जांमधून पांढरी पूड येते, ती घासून काढली तरी पुन्हा येते, आणि काठालगतच्या काही लाद्या पाय पडताच पोकळ वाजतात. तलावाच्या आत पाण्याच्या पातळीवर टाइलला पांढरट पट्टाही धरला आहे. मला एवढेच विचारायचे आहे की जुन्या फरशीवरच नवी टाइल बसवावी, इपॉक्सीचा थर द्यावा, की सरळ लाकडी डेक करून घ्यावा. डेकला गडद राखाडी रंग दिला तर पाणी सध्या दिसते त्याहून गहिरे निळे दिसेल का, हेही सांगावे. कंत्राटदार निर्णयासाठी मागे लागला आहे, त्यामुळे कृपया नेमके उत्तर द्यावे.

सागवान :
लाकडी डेक करा, दुसरा विचारच नको. आमच्याकडे सागाचा आहे आणि अनवाणी पायांना त्याच्यासारखे सुख दुसऱ्या कशात नाही. फळ्यांमध्ये थोडी फट ठेवा, खाली हवा खेळू द्या आणि वेळच्या वेळी तेल लावा. प्लॅस्टिक मिसळलेल्या फळ्यांच्या मोहात मात्र पडू नका, कारण गडद रंगाच्या फळ्या भर उन्हात इतक्या तापतात की त्यांच्यावर पाय ठेववत नाही.

ढाळ-पाहणारा :
सामग्री कोणती घ्यावी हे ठरवण्याआधी काही गोष्टी कळायला हव्यात. तलाव काँक्रीटचा आहे की फायबरग्लासचा? डेकचा ढाळ तलावाकडे आहे की तलावापासून बाहेर? काठाची कोपिंगची लादी (तलावाच्या भिंतीच्या माथ्यावर बसवलेली) आणि डेक यांच्यामध्ये मऊ सीलंटचा, म्हणजे रबरासारख्या लवचीक भरणीचा, सांधा आहे, की तिथेही सिमेंटच भरलेले आहे? पांढरी पूड म्हणजे लोणा, आणि फरशीखाली पाणी मुरत असल्याखेरीज लोणा वारंवार येत नाही. अशा ओल्या फरशीवर इपॉक्सी दिली तर खालची वाफ तिला फुगवते आणि थर पापुद्र्यांसारखा सुटू लागतो. पोकळ लादीवर चिकटवलेली नवी टाइल तर त्या लादीइतकीच टिकते.

ओंजळ :
तलाव काँक्रीटचाच आहे, फायबरग्लासचा असता तर तसे लिहिले असते. ढाळ कधी मोजलेला नाही. पाणी खारे आहे, पण त्याचा डेकशी काय संबंध?

निळी फरशी :
खूप संबंध आहे, आणि हे पहिल्याच प्रतिसादात कळले असते तर बरे झाले असते. खाऱ्या तलावात क्षाराचे प्रमाण साधारणपणे ३,००० ते ४,००० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) असते. समुद्राच्या मानाने ते फार कमी असले तरी काठावर उडालेले पाणी वाळते, क्षार दगडाच्या छिद्रांत स्फटिकरूपाने साठतो आणि पृष्ठभागाचे पापुद्रे काढतो. मऊ सँडस्टोन आणि चुनखडीचे दगड यात सर्वांत आधी झडतात. आगीच्या झोताने खडबडीत केलेला ग्रॅनाइट किंवा जाड पोर्सेलिनच्या लाद्या खाऱ्या पाण्याला पुरून उरतात. लाकडी डेक केलाच तर स्क्रू ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे घ्या, नाहीतर गंजाचे डाग फळ्यांवर उतरतील.

रंगाविषयी सांगायचे तर पाणी कसे दिसते ते मुख्यतः तलावाच्या आतल्या अस्तरावर ठरते. पांढऱ्या अस्तरात पाणी फिकट आकाशी दिसते, करड्या अस्तरात गहिरे निळे आणि वाळूच्या रंगाच्या अस्तरात हिरवट झाक येते. डेक गडद केल्याने पाणी गहिरे होणार नाही, उलट पाय मात्र भाजतील.

क्लोरीन नको :
मुळात खारे पाणीच बंद करा. खाऱ्या पाण्याच्या यंत्रातला सेल, म्हणजे विजेवर चालणारा मुख्य भाग, झिजतो, धातू गंजतो, आणि आपला तलाव क्लोरीनमुक्त आहे असा लोकांचा समज होतो, पण ते यंत्रही मिठापासून क्लोरीनच तयार करते.

निळी फरशी :
त्यांनी हा प्रश्न विचारलेलाच नाही. शिवाय साध्या क्लोरीनच्या तलावातही सामू (पीएच) आणि कॅल्शियम यांचा मेळ बिघडला की टाइलवर पांढरा पट्टा येतोच. सामू ७.२ ते ७.८ आणि कॅल्शियमची कठिणता २०० ते ४०० पीपीएम राखली तर नव्या टाइलवर पट्टा सहसा धरत नाही. आता धरलेला पट्टा काढण्यासाठी कोणी कडक आम्ल ओतायला सांगितले तर ऐकू नका. पट्ट्याआधी ते दर्जांमधले ग्राउट खाते.

चिमण्यांची आई :
घरात लहान मुले आहेत का? रूप बदलतानाच निदान चार फूट उंचीचे कुंपण आणि आपोआप बंद होणारे फाटक करून घ्या. डेक पूर्ण झाल्यावर खांब बसवायचे म्हटले तर नवी फरशी फोडावी लागते, म्हणून हे आत्ताच लिहीत आहे. घसरण्याचाही विचार करा. दुकानात न घसरण्याची श्रेणी आर-११ सांगून टाइल विकतात, पण ती श्रेणी बूट घालून केलेल्या चाचणीवरून ठरते. अनवाणी, ओल्या पायांसाठी ए, बी, सी अशी वेगळी श्रेणी असते, तिच्यातली सी मागा.

ओंजळ :
कुंपण आहे. सांधा आज सकाळी पाहिला. कोपिंगच्या मागे सगळीकडे कडक सिमेंट भरलेले आहे आणि पोकळ वाजणाऱ्या लाद्या नेमक्या त्याच्याच कडेला आहेत. पाण्याची पातळीही जरा लवकर उतरते असे वाटते. कंत्राटदाराचे म्हणणे आहे की तलाव पूर्ण रिकामा करून आत-बाहेर सगळे एकदमच करू.

ढाळ-पाहणारा :
थांबा, तलाव घाईने रिकामा करू देऊ नका. आसपासच्या जमिनीत पाण्याची पातळी वर असेल तर रिकाम्या तलावाला खालचे पाणी उचलते आणि तळ तडकू शकतो. कोरड्या दिवसांत आणि तळाला दाब मोकळा करणारी झडप आहे याची खात्री करूनच रिकामा करावा.

गळतीची शंका आधी फेडून घ्या. तलावाच्या पायरीवर तलावातल्याच पाण्याने भरलेली बादली ठेवा, बादलीच्या आत आणि बाहेर पाण्याच्या पातळीवर खूण करा, पंप बंद ठेवा आणि २४ तासांनी पाहा. बाहेरची पातळी आतल्यापेक्षा जास्त उतरली असेल तर ते निव्वळ बाष्पीभवन नाही.

आता लाद्यांबद्दल. उन्हात डेक प्रसरण पावतो आणि तलावाची भिंत त्याच्याबरोबर हलत नाही. मधला सांधा कडक असला की डेक कोपिंगला रेटतो, काठाच्या लाद्या सुटतात आणि त्यांच्याखाली पाणी शिरते. तुमची पोकळ लादी आणि लोणा यांचे मूळ बहुतेक हेच आहे. त्यामुळे वर टाइल बसवा, इपॉक्सी द्या किंवा लाकूड घाला, हा सांधा मोकळा झाल्याशिवाय काहीच टिकणार नाही. पोकळ लाद्या काढून खालचा माल पक्का करा, पाणी तलावापासून दूर जाईल असा मीटरला सुमारे २ सेंटिमीटर ढाळ द्या आणि बाहेरच्या कडेला जाळीची नाली करा.

सागवान :
ढाळ दिला तरी त्याच्यावर लाकडी डेक करता येतो, हे मात्र लक्षात असू द्या.

ढाळ-पाहणारा :
येतो, पण फळ्यांच्या खालच्या पट्ट्या पाण्याच्या वाटेत आडव्या येता कामा नयेत.

ओंजळ :
बादली आजच ठेवते. सांधा मोकळा केल्यावर त्यात नक्की काय भरायचे? कंत्राटदार सिलिकॉन पूर्ण खोलीपर्यंत भरू म्हणतो.

ढाळ-पाहणारा :
पूर्ण खोलीपर्यंत भरू नये. सांधा साफ आणि कोरडा करून आधी त्यात फोमची दोरी दाबून बसवा, म्हणजे सीलंट तळाला चिकटणार नाही. त्याने फक्त दोन्ही बाजू धरायच्या असतात, तरच ते ताणले जाते. सांधा १२ मिलिमीटर रुंद असेल तर सीलंटची जाडी ६ मिलिमीटर पुरे. तलावाच्या पाण्यात टिकणारे पॉलिसल्फाइड किंवा पॉलियुरेथेन घ्या आणि ते ओले असतानाच वर बारीक वाळू भुरभुरा, म्हणजे सांधा नव्या डेकच्या रंगाशी जुळेल आणि पायाला चिकट लागणार नाही.