व्यवसायोपचाराची परीक्षा रुग्णालयात घ्यावी की वस्तीत?

मूळ लेख : व्यवसायोपचाराची प्राध्यापिका, मूळ गाव कोल्हापूर

कोल्हापूरच्या सुभाषनगरात चपलांच्या वेण्या घालणाऱ्या एका बाईंना अर्धांगवायू झाला. आमच्याकडे आल्या तेव्हा त्यांना उजव्या हाताने चिमूटही धरता येत नव्हती. माझ्या विद्यार्थिनीने चार महिने मनापासून मेहनत घेतली. नऊ छिद्रांच्या फळीत खुंट्या बसवण्याच्या चाचणीत बाईंना लागणारा वेळ निम्म्यावर आला आणि प्रात्यक्षिक परीक्षेत विद्यार्थिनीला उत्तम गुण मिळाले. पुढे एका दुपारी आम्ही दोघी बाईंच्या घरी गेलो, तर त्या आतल्या खोलीत एकट्याच बसलेल्या होत्या. वेण्या घालण्याचे काम शेजारच्या ओट्यावर पाच-सहा जणी मिळून खाली बसून करतात, आणि एकदा खाली बसले की बाईंना आधाराशिवाय उठता येत नसे. म्हणून त्यांनी ओट्यावर जाणे सोडले, काम जावेकडे गेले, नगावर मिळणारे पैसे गेले आणि दुपारच्या गप्पाही गेल्या. हात पुष्कळ सुधारला होता, पण ज्या जागी त्या हाताला किंमत होती ती जागाच त्यांच्या वाट्याला उरली नव्हती. एक वीतभर उंचीचा पाट आणि भिंतीत ठोकलेली एक मूठ, एवढ्यावर त्या पुन्हा ओट्यावर बसू लागल्या. मात्र हे दोन्ही उपाय आमच्या परीक्षेच्या एकाही रकान्यात बसत नव्हते.

हा विषय नवा असलेल्या वाचकांसाठी सांगते की, व्यवसायोपचारातील ‘व्यवसाय’ म्हणजे केवळ नोकरी-धंदा नव्हे. अंघोळीपासून बाजारहाटापर्यंत आणि शाळेपासून तालमीपर्यंत माणूस दिवसभरात जे जे करतो ते सगळे त्यात येते. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली स्वीकारलेल्या, माणसाची कार्यक्षमता आणि अपंगत्व यांच्या वर्गीकरणात शरीराच्या कार्याइतकेच स्थान ‘सहभागा’ला आणि भोवतालच्या परिसराला दिलेले आहे. आमचे विद्यार्थी ती व्याख्या उत्तरपत्रिकेत अचूक लिहितात. पण परीक्षा रुग्णालयातील टेबलावर होते आणि पदव्युत्तर प्रबंधाचा विषयही बहुधा अमुक तंत्राने सांध्याची हालचाल किती अंशांनी वाढली हाच असतो. यामागे इतिहास आहे. देशातले या विषयाचे पहिले विद्यालय कमलाबाई निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू केले. त्या काळी ते रुग्णालयात सुरू होणे स्वाभाविकच होते, परंतु त्यानंतरच्या सात दशकांत आपण रुग्णालयाचा उंबरठा फारसा ओलांडला नाही.

आपल्या शहराला तर हा विचार परका वाटू नये. राजर्षी शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे हॉटेल काढण्यासाठी मदत केली. पण अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसाच्या हातचा चहा घ्यायला लोक येईनात, तेव्हा महाराज स्वतः लवाजम्यासह तिथे थांबून चहा पिऊ लागले. कांबळे यांच्या कौशल्यात काही उणे नव्हते. बदलायचे होते ते गिऱ्हाइकांना. माझी मागणी अशी की, अंतिम वर्षाच्या प्रात्यक्षिकाचे निम्मे गुण रुग्णाच्या घरी, कामाच्या जागी किंवा शाळेत जाऊन द्यावेत आणि निदान काही प्रबंधांचा विषय समाजातील सहभाग हाच असावा.

प्रतिसाद १ : रुग्णालयात एकवीस वर्षे काम केलेले व्यवसायोपचारतज्ज्ञ

मॅडम, तुमच्या कळकळीबद्दल मला शंका नाही. मागणीला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत यंत्रात सापडलेले हात आमच्याकडे येतात. तुटलेली कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, शल्यविशारदाने जोडल्यानंतर पहिल्या काही आठवड्यांत स्प्लिंट (हात ठरावीक स्थितीत धरणारी पट्टी) योग्य कोनात बसली नाही आणि हालचाल बेताने सुरू झाली नाही, तर एक तर जोड तुटतो किंवा कंडरा आजूबाजूला चिकटून बोट कायमचे आखडते. त्या आठवड्यांत वस्ती, ओटा आणि समाज यांचा काही उपयोग नसतो. उपयोग असतो तो विद्यार्थ्याच्या बोटांतील कसबाचा, आणि ते कसब शेकडो वेळा केल्याशिवाय येत नाही. साडेचार वर्षांच्या अभ्यासक्रमात, त्यातही शेवटचे सहा महिने आंतरवासितेचे (इंटर्नशिपचे) असताना, निम्मे गुण बाहेर नेले तर काय कमी करायचे हे तुम्ही लिहिलेले नाही.

मोजमापाकडेही तुच्छतेने पाहू नये. कामगारांच्या भरपाईच्या १९२३ च्या कायद्यातील परिशिष्टानुसार अंगठा गेल्यास कमाईची क्षमता ३० टक्के आणि एका हाताची चारही बोटे गेल्यास ५० टक्के गेली असे धरत आले आहेत. अचूक मोजमाप हा गरीब कामगाराचा मोठा आधार आहे. ‘सहभाग’ न्यायालयात कसा सिद्ध करणार?

आणि शाहू महाराजांचे उदाहरण तुमच्याच म्हणण्याच्या विरुद्ध जाते. महाराज चहा प्यायला थांबले तेव्हा गाव बदलले, कारण ते राजे होते. बावीस वर्षांच्या विद्यार्थिनीच्या हाती कोणती सत्ता आहे? सामाजिक बदल हे समाजकार्याचे क्षेत्र आहे आणि त्याचे स्वतंत्र शिक्षण दिले जाते. तुमच्या बाईंना पाट सुचवता आला, तोही त्या विद्यार्थिनीला धडाचा तोल आणि नितंबाच्या सांध्याची हालचाल कळत होती म्हणूनच.

प्रतिसाद २ : सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील इजेमुळे हालचालींवर परिणाम होणारी स्थिती) असलेल्या तरुणाची आई, चंदगड तालुका

आमच्या गावापासून कोल्हापूर शंभराहून अधिक किलोमीटर आहे. सर, तुमच्या विभागातील कसब खरे आहे, परंतु तिथे पोहोचायला मला एक दिवसाची मजुरी आणि मुलाला उचलायला आणखी एक माणूस लागतो. मुलगा अठरा वर्षांचा झाला, शाळा संपली आणि त्यानंतर त्याने दिवसभर काय करायचे हे आम्हाला कोणीही सांगितले नाही. मॅडमना मात्र एक विचारायचे आहे. तुमचे विद्यार्थी वस्तीत येणार म्हणजे सुभाषनगरात येणार, की चंदगडलाही येणार? शहरातली वस्ती गाठून ‘समाजात गेलो’ असे म्हणणे आम्हाला पुरेसे वाटत नाही.

प्रतिसाद ३ : चाकाच्या खुर्चीवरून दुकान चालवणारा, कोल्हापूर

ताई आणि सर, तुम्ही दोघेही आमच्याविषयी बोलत आहात, म्हणून थोडे कडक लिहितो. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे तीन वेळा विद्यार्थी प्रश्नावली घेऊन आले. शौचालयाला कसे जाता, लग्न झाले आहे का, मनात निराशा येते का, असे सगळे विचारून गेले. त्यांपैकी एकही परत आला नाही आणि त्या अभ्यासाचे पुढे काय झाले ते मला आजतागायत कळलेले नाही. दुकानासमोरच्या गटारावरील फरशीचा चढ इतका उभा आहे की खुर्ची मागे कलंडते. एक फूट उंची चढायला बारा फूट उतार हवा, हा नियम मला त्यांच्यापेक्षा चांगला ठाऊक आहे. त्या चढाबद्दल मात्र एकानेही विचारले नाही, कारण तो त्यांच्या प्रश्नावलीत नव्हता.

भारताने २००७ साली दिव्यांगांच्या हक्कांच्या ज्या आंतरराष्ट्रीय कराराला मान्यता दिली, त्यामागच्या चळवळीचे घोषवाक्य ‘आमच्याशिवाय आमच्याबद्दल काहीही नको’ असे होते. याच शहरात नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड ही संस्था उभी केली, आणि त्या स्वतः खुर्ची वापरणाऱ्या आहेत. वसतिगृह, शिक्षण आणि रोजगार एकमेकांपासून तोडता येत नाहीत, हे कोल्हापूरला कोणत्याही प्रबंधाच्या आधी अशा माणसांनी दाखवले. म्हणून परीक्षा रुग्णालयात घ्या किंवा ओट्यावर घ्या, परीक्षकांत आमच्यापैकी कोणी बसणार आहे का, हे आधी सांगा.

मूळ लेखिकेचे उत्तर

दुकानदार दादांच्या प्रतिसादाने मी खजील झाले. ‘सहभागा’वर एवढे लिहूनही गुण कोणी द्यायचे हे मी माझ्याच हातात ठेवले होते. ते चुकले. चंदगडच्या ताईंचा आक्षेपही खरा आहे. त्याला माझ्याकडे आज उत्तर एवढेच आहे की, तालुक्याच्या ठिकाणी महिन्यातून ठरावीक दिवस विद्यार्थी राहायला हवेत आणि तो काळ क्षेत्रकार्यात (रुग्णांबरोबरच्या प्रत्यक्ष प्रशिक्षणात) धरला जायला हवा. व्यवसायोपचारतज्ज्ञांच्या जागतिक महासंघाने किमान १००० तासांचे क्षेत्रकार्य आवश्यक मानले आहे. ते सगळे रुग्णालयाच्या छपराखालीच व्हावे असा काही दंडक नाही.

सर, कंडरेबद्दल तुम्ही लिहिलेले सगळे मला मान्य आहे आणि निम्म्या गुणांचा आग्रह मी मागे घेते. पण भरपाईच्या परिशिष्टाचा दाखला तुम्ही दिलात, त्यावरच थोडे थांबते. हुपरीत चांदीचे दागिने घडवणाऱ्या कारागिराचा अंगठा गेला काय किंवा फाटकावर बसणाऱ्या रखवालदाराचा गेला काय, परिशिष्टातला आकडा ३० टक्केच राहतो. एकाचे काम जवळपास संपते आणि दुसऱ्याचे बऱ्याच अंशी चालू राहते. हा फरक सांध्याची हालचाल मोजणाऱ्या कोनमापकाला दिसत नाही. तो पाहण्यासाठी हुपरीच्या भट्टीजवळ जाऊन बसावे लागते. आणि सहभाग मोजता येत नाही असेही नाही. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील मोजपट्टीत रुग्ण स्वतःला महत्त्वाची वाटणारी कामे निवडतो, ती किती जमतात आणि आपण किती समाधानी आहोत याला १ ते १० गुण देतो, आणि उपचारानंतर पुन्हा देतो. आमच्या बाईंनी पहिल्या क्रमांकावर ‘ओट्यावर बसणे’ सांगितले असते, ‘चिमूट’ नव्हे. आम्ही विचारलेच नव्हते.

सत्तेबद्दल एवढेच सांगते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार सेवेत असताना अपंगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला कामावरून कमी करता येत नाही. त्याला कोणते काम कोणत्या सोयीने करता येईल हे कागदावर नेमके मांडणे हे आमच्याच शास्त्राचे काम आहे, आणि तसा अहवाल लिहायला शिकलेली विद्यार्थिनी तितकी दुबळी नसते.

प्रतिसाद १ चे लेखक पुन्हा

हुपरीच्या कारागिराचा मुद्दा मी मानतो; त्या परिशिष्टाकडे मी या बाजूने पाहिले नव्हते. तरीही २०१६ चा कायदा सरकारी नोकराला जे संरक्षण देतो ते शिरोलीच्या खासगी कारखान्यातील कंत्राटी मजुराला देत नाही, आणि आमचे बहुतेक रुग्ण तेच आहेत. त्यांच्यासाठी तुमचा अहवाल कोण वाचणार, हा माझा प्रश्न कायम आहे. प्रबंधाच्या बाबतीत मात्र मी एक करून पाहीन. आमच्या विभागात पुढच्या वर्षी येणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला विषय ठरवण्यापूर्वी यंत्रात हात गेलेल्या पाच जुन्या रुग्णांच्या घरी पाठवीन, आणि त्याची प्रश्नावली छापण्याआधी ती दुकानदार दादांना वाचायला देईन. त्यांची तयारी असेल तर.

प्रतिसाद ३ चे लेखक पुन्हा

तयारी आहे. प्रश्नावली मराठीत आणा, आणि दुपारी दोननंतर या, सकाळी दुकानात गर्दी असते.