एन प्रोटीनसोबत आरएनए चिकटून येतोय

खाडीकाठ (रत्नागिरी): सार्स-कोव्ह-२ (कोरोना विषाणू) चं एन प्रोटीन, म्हणजे विषाणूचा आरएनए गुंडाळणारं प्रोटीन, ई. कोलाय जिवाणूमधून काढलंय. निकेल कॉलमनंतर (प्रोटीन धरून वेगळं करणारी नळी) २६०/२८० गुणोत्तर (या दोन नॅनोमीटरवरच्या प्रकाशशोषणाचं; जास्त म्हणजे आरएनए/डीएनए मिसळलेलं) १.७! जेलवर (प्रोटीनं आकारानुसार वेगळी दिसतात ती) एनच्या ४६ केडीए (किलोडाल्टन) पट्ट्याखाली दोन फिकट पट्टे. काय चुकतंय?

सुरंगी: चुकत काही नाही, प्रोटीन आपलं काम करतंय. पुढचा भाग आरएनए धरतो, मागचा जोडी जमवतो, दोन्हीकडे धनभार. त्यामुळे जिवाणूचाच आरएनए गुंडाळून येतो. पेशी फोडतानाच १ मोलर मीठ घाला (लिटरला ५८.४ ग्रॅम), मग कॉलमवर २ मोलर मिठाने सावकाश धुवा, इमिडाझोल (प्रोटीन कॉलमवरून सोडवणारं रसायन) त्यानंतर. गुणोत्तर ०.६ च्या आसपास यायला हवं. पुढे आरएनए-बंधन तपासायचं असेल तर आरनेज (आरएनए तोडणारं विकर) टाळा, मागाहून तो निघता निघत नाही.

माडबन: फिकट पट्टे म्हणजे बहुतेक प्रोटीनमधला सेरीन-आर्जिनिनवाला (ही अमिनो आम्लं) सैल दुवा तुटलाय. सगळं ४ अंशांवर करा, प्रोटिएज इनहिबिटर (प्रोटीन तुटणं थांबवणारा) ईडीटीए (धातू पकडणारं रसायन) नसलेलाच घ्या, नाहीतर निकेल सुटेल. आणि पावसाळ्यात उघड्या बरणीतलं मीठ तोलू नका, पाणी धरतं.

खाडीकाठ: मीठ कमी केल्यावर द्रावण दुधाळ होतं, तेही यामुळेच?

सुरंगी: हो, आरएनए उरला असेल तर प्रोटीन-आरएनएचे थेंब बनतात. मीठ परत वाढवून बघा. निवळलं तर थेंब, नाही निवळलं तर साका (प्रोटीनच्या गुठळ्या).