मदत हवी आहे: अँटी-डी कंट्रोल ठणठणीत, पण स्क्रीनिंग सेलवर अँटी-डफी-ए कमजोर पडतोय

नमस्कार मंडळी,

मी रक्तपेढीत अँटीबॉडी स्क्रीनिंग बघते, म्हणजे दुसऱ्याच्या लाल पेशींना विरोध करणाऱ्या अँटीबॉडी रुग्णाच्या रक्तात आहेत का ते. आम्ही ट्यूब पद्धत वापरतो: तीन सेलचं (अँटीजेन माहीत असलेल्या लाल पेशींचं) पॅनेल, ३७ अंशांवर इन्क्युबेशन, सलाइनने तीन वॉश आणि मग एएचजी (अँटी-ह्यूमन ग्लोब्युलिन, ज्याने अँटीबॉडी चिकटलेल्या पेशींच्या गुठळ्या होतात; त्यांचा जोर १+, २+ असा लिहितो).

गेल्या आठवड्यात एका रुग्णाचा स्क्रीन निगेटिव्ह आला. जुनं रजिस्टर चाळलं तर २ वर्षांपूर्वी त्याच रुग्णात अँटी-डफी-ए (लाल पेशींवरच्या डफी-ए अँटीजेनविरुद्धची अँटीबॉडी) सापडल्याची नोंद! नोंद होती म्हणून डफी-ए निगेटिव्ह पिशव्या शोधल्या. नसती तर काय झालं असतं, हे अजून डोक्यातून जात नाही.

आधी वाटलं, टायटर (अँटीबॉडीची पातळी) उतरला असेल, तसं होतंच. पण तोच नमुना स्क्रीनिंग सेलच्या त्याच लॉटच्या न उघडलेल्या बाटलीवर लावला आणि १+ आला.

रोजच्या कंट्रोलला (चाचणी नीट चालतेय का हे बघायला) आम्ही विरळ केलेला अँटी-डी, म्हणजे आरएच-डी अँटीजेनविरुद्धची अँटीबॉडी, लावतो. तो पहिल्या दिवसापासून २+ आहे. निगेटिव्ह ट्यूबमध्ये चेक सेलच्याही (आयजीजी अँटीबॉडी आधीच चिकटवलेल्या पेशी) नीट गुठळ्या होतात, त्यामुळे एएचजी आणि वॉशिंगवर माझा संशय नव्हता. आता लक्षात येतंय की चेक सेलवरचा आयजीजीसुद्धा अँटी-डीच असतो. म्हणजे आमचे दोन्ही कंट्रोल डीवर उभे आहेत आणि डी हा टिकाऊ अँटीजेन. डफी-ए, एम, पी-१ साठवणीत लवकर उतरतात, आणि ते उतरले तरी आम्हाला कळायची सोयच नाही.

मग विरळ अँटी-डफी-ए घेऊन डफी ए आणि बी दोन्ही असलेल्या सेलवर, म्हणजे एकाच डोसच्या (डफी-ए कमी असलेल्या) सेलवर, चार ट्यूब लावल्या. उघडून १८ दिवस झालेली बाटली आणि वॉशला कॅनमधलं सलाइन: जेमतेम दाणे. तीच बाटली, ताजं बफर्ड सलाइन: १+. नवी बाटली, कॅनमधलं सलाइन: पुन्हा १+. नवी बाटली आणि बफर्ड सलाइन: स्वच्छ २+. कॅनमधल्या सलाइनचा पीएच ५.५ च्या आसपास भरला, बफर्डचा ७. उघड्या बाटलीची मुदत संपायला अजून १२ दिवस आहेत, पण ती सकाळी फ्रिजमधून निघते ती दुपारपर्यंत टेबलावरच असते. सेल बसल्यावर वरचं पाणी किंचित गुलाबी दिसतं, म्हणजे पेशी फुटतायत.

म्हणजे दोष बाटली आणि सलाइन दोन्हीकडे आहे असं मी धरतेय. एकदाच लावलेल्या चार ट्यूबवरून हे म्हणणं घाईचं आहे का? बाटली उघडल्यावर तुम्ही सेल छोट्या ट्यूबमध्ये वाटून ठेवता का, आणि किती दिवस वापरता? रोजच्या कंट्रोलला अँटी-डीच्या जोडीला विरळ अँटी-डफी-ए कुणी लावतं का?

सगळ्यात निकडीचं म्हणजे जुने निगेटिव्ह स्क्रीन. आमच्याकडे नमुने ७ दिवसच ठेवतात. तेवढे सगळे नव्या बाटलीवर आणि बफर्ड सलाइनने पुन्हा लावायला घेतलेत. त्याआधीच्या ज्या रुग्णांना रक्त चढलंय, त्यांच्या डॉक्टरांना हिमोग्लोबिन आणि बिलिरुबिनवर लक्ष ठेवायला आजच कळवावं असं मला वाटतं. अशा वेळी तुम्ही किती मागे जाता?