जुन्या गाडीला अलार्म स्वतः बसवावा का? मी बसवलाय, आणि माझं मत 'बसवावा' असंच आहे

शहापूर_गल्ली
आमच्या बेळगावच्या शहापुरातल्या गल्लीत गाड्या रस्त्यालाच लागतात, जुन्या वाड्याला पार्किंग कुठलं असणार ओ. दिवाळीनंतर एका रात्रीत शेजारच्या दोन गाड्यांच्या बॅटऱ्या गेल्या, तेव्हाच ठरवलं की आपल्या गाडीला अलार्म पाहिजेच. गाडी २००९ची, पेट्रोल, सगळ्यात खालचं मॉडेल, सेंट्रल लॉकिंगसुद्धा नाही. दुकानात किट धरून ५,५०० सांगितले. मी २,४०० ला किट आणलं आणि दोन रविवार बसून स्वतः बसवलं. मी कारकून माणूस, वायरिंगचं शिक्षण नाही. पण चारी दारांचे पॅड काढले, लॉकच्या मोटारी बसवल्या, ड्रायव्हरच्या दाराची पाच वायरची आणि बाकीच्या दोन वायरच्या, मग बॉनेट उघडलं की अलार्मला कळवणारा पिन स्विच टाकला, सायरन, स्टेअरिंगखाली अलार्मचा बॉक्स, आणि इंजिन बंद करणारा रिले, म्हणजे विजेवर चालणारा छोटा स्विच, पण जोडला. आता माझ्या गाडीत कुठली वायर कुठून जाते ते मला डोळे मिटून सांगता येतं. माझं म्हणणं एवढंच की जुन्या साध्या गाडीला हे काम ज्याला जमेल त्याने स्वतः करावं, दुकानात तासाभरात करतात तेवढ्या घाईत आपण करत नाही.

उद्यमबाग_वायरमन
मी बावीस वर्षं हेच काम करूलालोय, म्हणून स्पष्ट सांगतो, राग नको. महिन्यातून एखादी तरी गाडी माझ्याकडे अशीच येते, घरी अलार्म बसवलेली. वायर सोलून पिळलेली, वर काळी टेप. आपल्याकडे जूनपासून चार महिने पाऊस, टेपचा डिंक सुटतो, आत हिरवा गंज चढतो आणि मग कधी दार लॉक होतंय कधी नाही. दुसरं म्हणजे टेस्ट लॅम्प. घरी काम करणाऱ्याकडे मीटर नसतो, बल्बचा टेस्टर असतो आणि तो दिसेल त्या वायरला लावतो. जुन्या गाडीत खपून जातं. नव्या गाडीत दाराचा सिग्नल, इंडिकेटर सगळं कंट्रोल मॉड्यूलमधून, म्हणजे गाडीच्या छोट्या कॉम्प्युटरमधून जातं, त्या बारीक सर्किटला बल्बचा करंट झेपत नाही, मॉड्यूल जातं आणि त्याची किंमत दहा अलार्मएवढी. पिवळ्या पाइपातली वायर एअरबॅगची असते, तिथे तर हातच लावायचा नाही. हे वाचून उद्या कोणीतरी दोन वर्षांची गाडी उघडून बसेल त्याची जबाबदारी कोण घेणार? वॉरंटी जाईल ती वेगळीच.

खानापूरवाला
वायरमन दादा, तुमचं नव्या गाडीचं पटतंय, पण त्यांनी पहिल्यापासून जुन्या गाडीचंच म्हटलंय की. आणि दुकानात काय होतं ते मी माझ्या गाडीवर बघितलंय. पैसे देऊन बसवला होता अलार्म, दुकानाचं नाव नको. तिसऱ्या दिवशी गाडी स्टार्ट होईना. नवीन बॅटरी घेतली, पुन्हा तेच. शेवटी मीच मीटर आणला, निगेटिव्ह टर्मिनल काढून मधे मीटर जोडला, दारं लावून पंधरा मिनिटं थांबलो, तर गाडी झोपलेली असताना ३२० मिलीअँपिअर जात होते! ३५ एएच (अँपिअर-अवर) ची बॅटरी, हिशेब करा, साडेचार दिवसांत पूर्ण रिकामी, आणि सेल्फ मारायला तर त्याच्या बरंच आधी जोर संपतो. पॅड उघडला तर दुकानातल्या पोराने लॉकच्या मोटारीची एक वायर बिजागरीच्या कडेला दाबून ठेवली होती, प्लास्टिक अर्धं फाटलेलं. ती सोडवून नवीन वायर टाकली, २५ वर आलं. म्हणून मला वाटतं दुकान का घर हा प्रश्नच नाही, काम झाल्यावर मीटर लावून बघतो कोण हा प्रश्न आहे, आणि स्वतः केलेला माणूस बघतो.

उद्यमबाग_वायरमन
ते काम वाईट होतं, मान्य. पण एका वाईट डॉक्टरामुळे घरी ऑपरेशन करत नाहीत.

वडगावची_ताई
मला वायरिंगमधलं काही कळत नाही, पण ज्यांच्या दारात या गाड्या उभ्या राहतात त्यांच्यातली मी एक. सासूबाईंना हार्टचा त्रास आहे. समोरच्यांनी स्वतः बसवलेला अलार्म शिवजयंतीच्या चित्ररथांच्या रात्री डॉल्बीच्या दणक्याने अकरा वेळा वाजला, आणि ते घरात नव्हते, कोल्हापूरला गेलेले. मिरवणूक वर्षातून एकदा, ते आम्ही समजून घेतो. पण एरवी मांजर उडी मारली तरी वाजतो, विटांचा ट्रॅक्टर गेला तरी वाजतो. रहिवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, कायद्यातच आहे. आणि खरं सांगू, आता तो वाजला तर कोणी उठून बघत पण नाही. खरंच चोर आला तरी आम्ही कूस बदलून झोपणार. मग उपयोग काय त्याचा?

शहापूर_गल्ली
ताई, तुमचं अगदी बरोबर आहे आणि मला वाईट वाटलं वाचून. ते शॉक सेन्सरमुळे होतं. त्याच्या डबीवर एक छोटा स्क्रू असतो, कंपनीतून येताना बराच नाजूक लावलेला असतो आणि बहुतेक लोक त्याला हातच लावत नाहीत. मी बाहेरून पंजाने काचेजवळ थोपटत थोपटत तीन रात्री तो सेट केला, आता जोरात बुक्की मारली तरच वाजतो. दारं आणि बॉनेट उघडलं तर वाजणारच, ते स्विचवर आहे, त्याला दणक्याशी देणंघेणं नाही. समोरच्यांना सांगा, नाहीतर मी येऊन करून देतो, शहापूरहून वडगाव काय लांब आहे.

निपाणीकर_एनएच४८
सगळे सायरन आणि बॅटरीवरच बोलूलालेत, मूळ धोक्याकडे कोणाचं लक्ष नाही. वर लिहिलंय "इंजिन बंद करणारा रिले पण जोडला". कुठल्या वायरवर जोडलाय? माझ्या भावाने घरी जोडला होता फ्युएल पंपाच्या वायरवर. निपाणीजवळचा तवंदी घाट उतरताना खड्ड्यात गाडी आदळली, रिलेचा बेस हलला, इंजिन बंद. मागे उसाचा ट्रक. इंजिन बंद झालं की पॉवर स्टेअरिंग दगडासारखं जड होतं, ब्रेक एक-दोनदा नीट लागतो, मग पायाने भरपूर जोर लावावा लागतो. घाबरून चावी मागे फिरवून काढली असती तर स्टेअरिंग लॉक. देवाच्या कृपेने डावीकडे मातीत गाडी गेली. त्या दिवसापासून मी सगळ्यांना सांगतो, घरी वाजणारा अलार्म बसवा हवा तर, पण इंजिनच्या वायरला कात्री लावू नका. चोर गाडी नेईल तर नेऊ दे की.

उद्यमबाग_वायरमन
हेच मी सांगायला येत होतो. कटऑफ लावायचाच तर स्टार्टरच्या सिग्नल वायरवर लावायचा, रिलेच्या ३० आणि ८७ए या पिनांमधून, त्या एरवी जोडलेल्याच असतात, म्हणजे रिले मेला तरी गाडी चालू होते, आणि चालत्या गाडीला तर त्याचा काही संबंधच येत नाही. पंपाच्या वायरवर लावला की गाडी चालते तेवढा वेळ सगळा करंट त्या रिलेच्या आतल्या संपर्काच्या टिकल्यांमधून जात राहतो. एक क्रिंप, म्हणजे दाबून बसवलेला जोड, सैल झाला की संपलं. किटच्या कागदावर हा फरक समजावून लिहिलेला मी तरी बघितला नाही.

शहापूर_गल्ली
माझा पंपावरच आहे. दोन आठवड्यांपूर्वी याच गाडीने चोर्ला घाटातून पोरांना घेऊन गोव्याला जाऊन आलोय. वाचून हात गार पडले. काल संध्याकाळी रिले काढला, पंपाची वायर सोल्डर करून वर हीट श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी, चढवली. स्टार्टरवर पुढच्या रविवारी बघू. पण एवढ्याने माझं मत बदललं नाही, चूक कुठे झाली ते कळलं आणि ती मलाच दुरुस्त करता आली.

चिकोडी_केए२३
एक सांगून ठेवतो, इन्शुरन्सवर अलार्मची सूट मिळते म्हणून कोणी करत असेल तर घरी बसवलेल्याला ती मिळत नाही. एआरएआय या वाहन तपासणाऱ्या संस्थेची मान्यता असलेलं उपकरण आणि बसवल्याचा दाखला लागतो, आणि सूट तरी किती, ओडी, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या प्रीमियमच्या अडीच टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये.

उद्यमबाग_वायरमन
शहापूरवाले, माणूस प्रामाणिक आहात म्हणून आता एकच विचारतो. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून जी वायर बॉक्सला आणली, तिचा फ्यूज कुठे आहे?

शहापूर_गल्ली
किटच्या हार्नेसमध्येच, म्हणजे वायरच्या जुडग्यातच आहे, बॉक्सजवळ, १५ अँपिअरचा. स्टेअरिंगखाली.

उद्यमबाग_वायरमन
मग बॅटरीपासून स्टेअरिंगपर्यंतची दीड मीटर वायर बिनफ्यूजची आहे, आणि ती फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून जाते. भोकाला रबर ग्रोमेट, म्हणजे रबरी कडं, घातलाय का नुसतीच ओढली? पत्र्याच्या कडेने वायर घासली की थेट शॉर्ट, मधे अडवायला काही नाही, उभी गाडी पेटते. आज रात्री निगेटिव्ह काढून ठेवा. उद्या बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज होल्डर टाका.

शहापूर_गल्ली
नुसतीच ओढलीय. आत्ता खाली जाऊन निगेटिव्ह काढून आलो. सकाळी होल्डर आणि ग्रोमेट आणतो, बसवणार मीच, पण दादा, बसवून झाल्यावर गाडी उद्यमबागला घेऊन येतो, एकदा तुमच्या नजरेखालून जाऊ दे.

उद्यमबाग_वायरमन
या. सहाच्या आत या, उजेडात बघू.