एक थाप माफ : विज्ञानकथांचा हिशोब (अनुभव धागा)

सातारा, धागा सुरू करताना

विज्ञानकथेला एक थाप माफ असते. सूर्याचं तेज खाणारे जंतू आहेत म्हणा, मान्य. तीन सूर्यांच्या कचाट्यात सापडलेला ग्रह म्हणा, तोही मान्य. पण एकदा थाप मारली की पुढं सगळा हिशोब चोख लागतो. सध्या वाचत-बघत असलेल्या गोष्टींमधला आपापल्या धंद्यातला एकेक तुकडा घ्या आणि आकड्यांसकट लिहा. ‘मी पहिल्यांदा कधी पाहिला’ वगैरे नको, ते चहावर बोलू. रहस्यं फुटणार आहेत, ज्यांना चालत नाही त्यांनी इथूनच मागं फिरा.

खटाव, बटाटा उत्पादक

अँडी विअरचा मंगळावरचा बटाटा (‘द मार्शन’, सिनेमा २०१५) जुना झाला, तरी त्याच्याइतकी शेती दुसऱ्या कुठल्या विज्ञानकथेत नाही. एकरी १० टन हा चांगला उतारा धरला तर चौरस मीटरला अडीच किलो पडतात. किलोभर बटाट्यात साधारण ७७० कॅलरी. अर्धपोटी माणसाला रोज १५०० धरा, म्हणजे दिवसाला दोन किलो. पीक शंभर दिवसांचं, म्हणजे २०० किलो, म्हणजे ८० चौरस मीटर. तंबूत एका माणसाचं भागतं, इथपर्यंत लेखकानं गणित केलंय. तेही नुसत्या बटाट्यावर, मीठमिरचीशिवाय.

पहिली अडचण बेण्याची. सणाच्या जेवणासाठी पाठवलेला खायचा बटाटा मंगळावर एकट्या अडकलेल्या अंतराळवीरानं लावला. काढणीनंतर बटाटा दोन-अडीच महिने झोपेत असतो, त्याआधी डोळे फुटत नाहीत. साठवणुकीत कोंब येऊ नयेत म्हणून कांद्या-बटाट्याला किरणोत्सर्ग देतात, तसा दिला असेल तर तो कधीच उगवणार नाही. नशीबवान गडी, त्याचा उगवला. फोडी ४०-५० ग्रॅमच्या आणि प्रत्येकीला दोन-तीन डोळे हवेत, नाहीतर रोप हडकुळं येतं.

दुसरी अडचण ऊब. पाला वाढतो, पण रात्र १५ ते २० अंशांच्या आसपास नसेल तर खाली कंद धरत नाही. माणसाला बरं वाटेल इतका तंबू गरम ठेवला की नुसता पालाच. शिवाय दिवे चोवीस तास चालू ठेवले आणि मातीची भर दिली नाही तर वर आलेला कंद हिरवा पडतो, त्यात सोलानिन असतं, खाल्लं की उलट्या.

तिसरी अडचण मातीची. फिनिक्स यानाला २००८ मध्ये मंगळाच्या मातीत परक्लोरेट (क्लोरीनचा एक क्षार) सापडलं. ते थायरॉइडला वाईट. पाण्यात विरघळतं, म्हणजे माती धुवायची. पण धुतलेलं पाणी परत वापरायचं तर त्यातनंही ते काढावं लागणार. हायड्राझीनपासून (यानाच्या इंधनापासून) पाणी करताना आपल्याच श्वासातला ऑक्सिजन हिशोबात न धरल्यामुळं स्फोट होतो, हे दाखवणाऱ्या कथेत माती धुणं मात्र कुठं दिसत नाही.

कुपवाड एमआयडीसी, लेथवरचा माणूस

बटाटेवाले काका, झकास. माझा तुकडा फिरत्या यानाचा. ‘प्रोजेक्ट हेल मेरी’ (२०२१) मध्ये यानाचे दोन भाग होतात, केबलवर लांब सरकतात आणि एकमेकांभोवती फिरतात. कल्पना अचूक. मिनिटाला २ फेऱ्या ठेवून पृथ्वीइतकं वजन हवं असेल तर त्रिज्या २२४ मीटर लागते. ४ फेऱ्यांना ५६ मीटर पुरते. फेऱ्या दुप्पट केल्या की त्रिज्या चौथाई होते, पण मान वळवली की कानातलं पाणी उलटं फिरतं आणि माणूस ओकतो. म्हणून बहुतेक ठिकाणी २ फेऱ्या सोयीच्या धरतात.

जत्रेतल्या पाळण्याएवढी चाकं दाखवणारे सगळे इथं फसतात. १९६८ च्या ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ या सिनेमासाठी बनवलेलं चाक ३८ फुटी होतं, त्रिज्या ५.८ मीटर. त्यात पूर्ण वजन हवं तर मिनिटाला साडेबारा फेऱ्या होतात, आणि पायाशी १०० टक्के तर डोक्याशी ७१ टक्के वजन. फिरण्याच्या उलट दिशेनं ताशी १० किलोमीटरनं पळालात की तुमचं वजन ४० टक्क्यांवर येतं. बघायला मजा, राहायला नाही.

केबल अर्ध्यावर ओढून घेतली तर काय होतं, हे फार कमी लेखकांना सुचतं. फेऱ्या दुप्पट नाही, चौपट होतात, आणि वजन आठपट. म्हणजे २२४ मीटरवर आरामात उभा असलेला माणूस ११२ मीटरवर चिरडला जाईल. आधी वेग मारायचा, मग केबल गुंडाळायची, हा क्रम चुकता कामा नये. आणि आत पाण्याची टाकी एका बाजूला सरकली तरी चाकाचं केंद्र हलतं. लेथच्या चार जबड्यांच्या चकात जॉब (कातायचा तुकडा) मध्यावर आहे का ते डायलनं न बघता धरला की काय होतं ते कुपवाडात कुणालाही विचारा.

मिरज, तंबोरे

‘प्रोजेक्ट हेल मेरी’तलाच परग्रहवासी रॉकी सुरांच्या जोड्यांनी बोलतो. पृथ्वीवरचा माणूस लॅपटॉपवर लाटा फोडून शब्दकोश तयार करतो. इथं लेखकानं फार सोपं करून टाकलंय.

तंबोऱ्याच्या एका तारेतून एकच सूर येत नाही. घोडीवर सूत सारून जवारी लावली की तार घोडीला चाटत राहते आणि वरचे अंश (मूळ सुराच्या पटीतले बारीक सूर) उमलतात. खर्ज १३० हर्ट्झचा (सेकंदाला १३० कंपनं) धरला तर यंत्राच्या आलेखावर २६०, ३९०, ५२०, ६५० अशी शिखरं दिसतात. ६५० म्हणजे तोच स्वयंभू गंधार, जो कुणी छेडलेला नसतो. आता रॉकीनं १३० आणि २६० एकत्र म्हटले तर ती दोन अक्षरं की एकाच स्वराचा अंश? नुसत्या आलेखावरून कळत नाही, शिखरांची उंची कशी उतरते ते तासन्तास पाहावं लागतं.

दुसरं, दशांश सेकंदाच्या तुकड्यात यंत्राला १० हर्ट्झच्या आतला फरक दिसत नाही. १३० च्या आसपास सा आणि कोमल रे यांच्यात आठाचंच अंतर. भरभर बोलला की अक्षरं मिसळणार.

एक गोष्ट मात्र बरोबर. रॉकीकडची हवा अमोनियाची, २९ पट दाबाची, २१० अंशांची. त्यातून भिंत ओलांडून आवाज इकडं आला तरी स्वर बदलत नाही. लाटेची लांबी बदलते, कंपनं तितकीच राहतात. हे चुकवणारे सिनेमे ढिगानं आहेत.

सांगली, विश्रामबाग

लिऊ त्सिशिन यांची तीन सूर्यांची कादंबरी (‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’) आधी चिनी मासिकात २००६ मध्ये क्रमशः आली. मूळ चिनी पुस्तकात सांस्कृतिक क्रांतीचा प्रसंग मध्यात होता, इंग्रजी अनुवादात तो लेखकाच्या संमतीनं सुरुवातीला आणला. सुरुवात अशी केल्यावर गोष्ट जास्त धरून ठेवते, माझं मत. पडद्यावर टेन्सेंटचे २०२३ चे ३० भाग पुस्तकाला चिकटून आहेत, नेटफ्लिक्सचे २०२४ चे ८ भाग तिन्ही पुस्तकांतलं उचलतात. आधी पुस्तक, मग तीस, मग आठ.

कथेतले तीन सूर्य म्हणजे अल्फा सेंटॉरी, पण खऱ्या अल्फा सेंटॉरीत गोंधळ नाही. दोन मोठे तारे ८० वर्षांत एकमेकांभोवती फिरतात, तिसरा प्रॉक्सिमा फार लांब. एवढी एक थाप दिली माफ.

सातारा, गोडोली

थोडक्यात. ‘ड्यून’चा दुसरा भाग घरी मालिकेसारखा गुळगुळीत दिसतोय? टीव्हीतलं मोशन स्मूदिंग बंद करा, सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचाच असतो. ‘सायलो’ मालिकेसारखं अंधारं काही असेल तर ट्यूब बंद, ब्राइटनेस वाढवू नका, काळं राखाडी होतं. संवाद ऐकू येत नसतील तर आवाज ५.१ वरून (सहा स्पीकरांच्या मांडणीवरून) स्टिरिओवर आणा.

कराड

मराठीचं कुणी बोललंच नाही. जयंत विष्णू नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. कथेचं मोल नावावर होऊ नये म्हणून. बक्षीस मिळालं. आजही दिवाळी अंकांतली निम्मी विज्ञानकथा मध्येच प्राध्यापक उभा करून दोन पानं भाषण ठोकते. वरच्या काकांचा बटाटा बघा, माहिती अडचणीतूनच आली पाहिजे.

कुपवाडचा प्रश्न : काका, फोडींना आपल्याकडं राख लावतात ना? मंगळावर राख कुठली?

खटाव : राख नसली तरी चालतंय. कापलेल्या बाजूला साल धरेपर्यंत फोडी दोन-तीन दिवस सावलीत ठेवायच्या. पण हवा कोरडी असली तर साल धरायच्या आधीच सुरकुततात, वर ओलं गोणपाट लागतं. तेवढं गोणपाट काय त्या यानात दिसलं नाही बघा.