संस्थेला गाडी देता, मग ड्रायव्हरचा पगार कोणी द्यायचा?

खानदेशी
नंदुरबारकडच्या एका आरोग्य संस्थेचे हिशेब मी बघतो. मध्यंतरी एका कंपनीने सीएसआरमधून, म्हणजे समाजकार्यासाठीच्या निधीतून, आम्हाला फिरता दवाखाना दिला. पांढरीशुभ्र गाडी, आत तपासणीचं टेबल, औषधांचं कपाट, दोन्ही अंगांना हातभर अक्षरांत कंपनीचं नाव. नारळ फुटला, फोटो निघाले. डिझेल मात्र पहिल्या वर्षापुरतंच. ड्रायव्हर आणि नर्सच्या पगारावर "हा तुमचा ॲडमिन खर्च" असा शेरा मारून काट. आता गाडी बाजाराच्या दिवशी निघते, एरवी ताडपत्रीखाली.

वस्तूला पैसे आणि माणसाला नाही, या धोरणाने संस्था मरतात असं माझं स्पष्ट मत आहे. कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करावेच लागतात. संस्थेकडे येणाऱ्या अशा निधीतले १५ ते २० टक्के पगार, भाडं, ऑडिट यांसाठी मोकळे मिळावेत, असा नियमच हवा. सरकारी अनुदानालाही तोच. ज्यांना पटत नसेल त्यांनी बिनधास्त लिहा.

चोख_हिशेब
अजिबात पटत नाही. मी टेबलाच्या पलीकडे बसतो, एका कारखान्याच्या सीएसआर समितीवर. प्रस्ताव उघडला की पहिल्या पानावर आदिवासी मुलीचा फोटो आणि शेवटच्या पानावर "प्रकल्प समन्वयक", जो चौकशी केल्यावर अध्यक्षांचा भाचा निघतो. पाण्याची टाकी बांधली तर ती जाऊन बघता येते, हात लावता येतो. पगार कुठे गेला ते कसं बघणार? मस्टरवर सह्या काय, कोणीही करतं. तुम्ही प्रामाणिक असाल हो, पण नियम करायचा म्हणजे तो त्या भाच्यालाही लागू होणार. शिवाय कायद्यानेच ५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे, त्यापुढे आमचे हात बांधलेले.

सीए_सोलापूर
थांबा, ही ५ टक्क्यांची गोष्ट इतक्या कंपन्या इतक्या ठामपणे सांगतात की ती खरीच वाटायला लागते. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या कारभारखर्चावर आहे. तुमच्या ऑफिसातले पगार, तुमचे दौरे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर तर व्याख्येतच लिहिलंय की प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवरचा थेट खर्च त्यात धरायचा नाही. फिरत्या दवाखान्याचा ड्रायव्हर म्हणजे अंमलबजावणी नाही तर काय? तुमचे हात कायद्याने बांधलेले नाहीत, ते तुमच्या फायनान्स खात्याने बांधलेत.

खरी मर्यादा परदेशी देणग्यांच्या कायद्यात आहे. सप्टेंबर २०२० मध्ये प्रशासकीय खर्चाची कमाल पातळी ५० टक्क्यांवरून थेट २० वर आणली. तिथेही रुग्णालयातल्या डॉक्टरांचे, शाळेतल्या शिक्षकांचे पगार त्यात मोजत नाहीत, हे लोक विसरतात. जास्त घाव घातला तो त्याच दुरुस्तीतल्या दुसऱ्या कलमाने. परदेशी निधी घेतलेल्या संस्थेने तो पुढे दुसऱ्या संस्थेला द्यायचा नाही. पुण्या-मुंबईची मोठी संस्था पैसे आणायची, कागदपत्रं सांभाळायची आणि तालुक्यातल्या छोट्या संस्थेला वाटा द्यायची, ही साखळीच तुटली. तालुक्यातला कार्यकर्ता इंग्रजीत प्रस्ताव लिहून त्या निधीसाठी लागणारं दिल्लीच्या स्टेट बँकेतलं खातं उघडणार का?

चोख_हिशेब
व्याख्या मान्य. पण ऑडिटरला सामोरं आम्ही जातो, तुम्ही नाही. शंका आली की आमचा माणूस खर्च कापतो, कारण कापल्याबद्दल आजवर कोणाला नोटीस आलेली नाही. आणि ती साखळी का तोडली? दर पायरीवर थोडे थोडे टक्के गळत होते म्हणूनच ना? सुप्रीम कोर्टानेही २०२२ मध्ये त्या दुरुस्त्या वैध ठरवल्या.

सीए_सोलापूर
वैध ठरणं आणि शहाणपणाचं असणं यांत फरक असतो.

मुष्टिफंड
दोन्ही बाजू हात पसरण्याबद्दलच बोलतायत. कर्मवीर भाऊरावांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था उभी केली तेव्हा कुठला सीएसआर होता? वसतिगृहातल्या पोरांसाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं. गावोगाव मूठमूठ धान्य गोळा झालं. गाडगेबाबांच्या धर्मशाळा लोकांच्या पैशावर उभ्या राहिल्या. ज्याचं मीठ खाता त्याचं ऐकावं लागतं. कारखान्याचे पैसे घेतलेली संस्था त्याच कारखान्याच्या सांडपाण्याबद्दल तोंड उघडेल? सरकारी अनुदान घेणारा सरकारी योजनेतली चोरी दाखवेल? शंभर माणसांकडून पाचशे रुपये घ्या आणि ताठ मानेने काम करा. धोरणाची भीक कशाला?

खानदेशी
मीठ खाण्याचा मुद्दा खरा आहे, तो मी टाळत नाही. पण रयतचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे हो. अनुदानित शाळांतल्या शिक्षकांचे पगार गेली कित्येक वर्षं सरकार देतं, रयतच्याही. वर "वेतनेतर अनुदान" नावाचा वेगळा मथळा आहे, खडू, वीजबिल, दुरुस्तीसाठी. तो अपुरा पडतो, रखडतो, ते सोडा. मुद्दा असा की माणसाशिवाय शाळा चालत नाही हे या राज्याने कधीच मान्य केलंय. मास्तरांच्या पगाराला कोणी ॲडमिन म्हणत नाही. मग नर्सने काय घोडं मारलंय?

आणि पाचशे रुपये देणारे शंभर जण शहरात भेटतात. अक्कलकुवा-धडगावला वर्गणी मागायची तर ज्याच्यासाठी काम करतो त्याच्याच दारात जावं लागतं.

सीए_सोलापूर
वर्गणीवाल्यांसाठी एक भर. नव्या करप्रणालीत देणगीवरची वजावट (जिला ८०जी म्हणतात) नाहीच, आणि आता तीच प्रणाली आपोआप लागू होते. दोन हजारांवरच्या रोख देणगीला तर जुन्या प्रणालीतही वजावट नाही. मध्यमवर्गीय पगारदार मार्चमध्ये करासाठी का होईना पावती फाडायचा, ते कारणच गेलं. उलट प्रत्येक देणगीदाराचं नाव, पॅन, रक्कम असं विवरण संस्थेने दरवर्षी आयकर खात्याला भरायचं. ते भरायला माणूस लागतो. त्याचा पगार कोणत्या मथळ्याखाली टाकायचा, मुष्टिफंड?

मुष्टिफंड
करसवलतीसाठी दिलेली ती देणगी नव्हेच.

वैनगंगा
एक ठोस उदाहरण देते. गडचिरोलीत "सर्च" या संस्थेने गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. बाळाचं वजन, तापमान, श्वास मोजणं, जंतुसंसर्ग ओळखणं, घरातच उपचार. १९९९ मध्ये "लॅन्सेट"मध्ये निष्कर्ष छापून आले, त्या गावांतले नवजात बालमृत्यू निम्म्याहून जास्त घटले होते. पुढे २०११ पासून हीच पद्धत आशांमार्फत देशभर गेली. आता याचं अंदाजपत्रक डोळ्यांसमोर आणा. वजनकाटा, थर्मामीटर, ब्लँकेट, औषधं, वस्तू एवढ्याच. बाकी सगळी माणसं: शिकवणारी, घरोघर जाणारी, नोंदी तपासणारी. चोख_हिशेबांच्या समितीने यातलं ब्लँकेट मंजूर केलं असतं.

चोख_हिशेब
बोचरं आहे, पण सगळ्या संस्था सर्च नसतात. त्यांनी नोंदी इतक्या काटेकोर ठेवल्या म्हणून तर ते सिद्ध झालं. माझ्याकडे येणाऱ्यांकडे गेल्या वर्षीचा ताळेबंद मागितला तर "पाठवतो साहेब" म्हणतात.

रुग्णमित्र
सवलत दिली की काम होतं या भ्रमात राहू नका, म्हणून लिहितोय. राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या आहेत, बिलांच्या २ टक्के रक्कम त्यासाठीच्या निधीत टाकायची आहे. धर्मादाय म्हणून मिळणाऱ्या सवलती कित्येक वर्षं भोगून झाल्या. प्रत्यक्षात उत्पन्नाचा दाखला हातात घेऊन गेलेल्या माणसाला आधी डिपॉझिट विचारलं जातं. म्हणून टक्क्यांचा नियम करायचा असेल तर कोण तपासणार, किती दिवसांत तपासणार हे आधी लिहा. नाहीतर मोकळे १५ टक्के भल्या संस्थेला मिळतील आणि रुग्णालयाच्या ट्रस्टलाही मिळतील.

वैनगंगा
तपासणीला कोणाची ना आहे? पण तपासणी दोन्हीकडून व्हावी. बालगृह चालवणाऱ्यांना विचारा. परिपोषण अनुदान मुलामागे ठरलेलं असतं, ते महिनोन्महिने थकतं. मुलं तर रोज जेवतात. किराणावाला उधारी देतो तोवर संस्था चालते. उशिराबद्दल सरकारला दंड नाही, संस्थेचं उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे कुठे खर्चले त्याचा दाखला) चार दिवस उशिरा गेलं तर पुढचा हप्ता अडतो. सीएसआरवालेही तसेच. वर्षभर फोन उचलत नाहीत आणि मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात "३१ च्या आत बिलं पाठवा". दहा दिवसांत काय खरेदी करता येतं? वस्तूच. म्हणून गावोगाव वॉटर प्युरिफायर बंद पडलेले दिसतात.

चोख_हिशेब
मार्चचं मान्य, आमच्याकडे ते होतं. सलग चालणाऱ्या प्रकल्पाला तीन वर्षांपर्यंत पैसे बांधून देता येतात, कायद्यात सोय आहे, पण संचालक मंडळाला एवढा लांबचा शब्द द्यायचा नसतो. मी एवढंच करू शकतो: मोकळा टक्का नाही, पण नावानिशी पद, ठरलेला पगार, थेट बँकेत. भाचा चालणार नाही. त्याआधी मात्र संस्थेची विश्वस्त मंडळाची कागदपत्रं अद्ययावत हवीत. निम्म्या प्रस्तावांत पीटीआरच्या (सार्वजनिक न्यासांच्या नोंदवहीच्या) उताऱ्यावर वारलेल्या विश्वस्तांची नावं असतात.

सीए_सोलापूर
ती असणारच. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अहवाल दाखल करायचा, तो संस्था करते. मंजुरी होईपर्यंत नव्यातला एखादा वारतो, मग दुसरा अहवाल. तोवर बँक म्हणते उताऱ्यावर जुनी नावं आहेत, सही चालणार नाही.

खानदेशी
चोख_हिशेब, नावानिशी पद मला चालेल. दोन जागांचे मसुदे या आठवड्यात करतो, नर्स आणि हिशेबनीस. हिशेबनीसाची जागा तुमची समिती ॲडमिन म्हणून कापणार असेल तर आत्ताच सांगा, म्हणजे ताळेबंद वेळेवर मिळण्याची अपेक्षाही तुम्ही सोडा.